वर येताना बघायचं राहिलं

"पुण्यात समुद्र नाही."

मी स्कूबा डायव्हिंग शिकणार असल्याचं सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. पेठेतल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता, त्यामुळे या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. मी चाळिशी ओलांडलेली, आयटी कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणारी बाई. हे खूळ डोक्यात शिरलं ते अंदमानच्या सहलीत. तिथे प्रशिक्षकाने मला आणि नवऱ्याला मांजराच्या पिलांसारखं मानगुटीला धरून पाण्याखाली फिरवून आणलं होतं. घरी आल्यावर मी म्हटलं, आता मला माझ्या पायांनी फिरायचंय.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच, कोथरूडला, राहत होते. त्यांचं बोलणं खास सदाशिवपेठी. कौतुकसुद्धा असं करायचे की समोरच्याला घरी गेल्यावर शंका यावी. पुण्याच्या माणसाला समुद्र पोहण्याच्या टँकमध्ये शिकावा लागतो हे कळल्यावर ते काही दिवस खूश होते. "उद्या कुणी हिमालय पर्वतीवर शिकवेल," ते म्हणाले.

तर रविवारी सकाळी मी आणि नवरा टँकवर. थंडीत पाणी असं असायचं की पहिला पाय आत घालताना आपण कुठल्या जन्मीचं पाप फेडतोय असं वाटावं. उथळ बाजूला पोरं दंगा करायची आणि खोल बाजूला तळाशी आम्ही पाच-सहा प्रौढ माणसं पाठीवर सिलिंडर बांधून, पंगतीला बसल्यासारखी मांडी घालून बसायचो. श्वास घ्यायचा, सोडायचा, काट्याकडे बघायचं. काटा म्हणजे हवा किती उरली ते दाखवणारं घड्याळ. त्या काळात मला स्वप्नातही काटा दिसायचा.

एकदा बाबा आले होते बघायला. टँकच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, टोपी घालून, हाताची घडी. मी त्यांना हात केला आणि खाली गेले. मास्क काढून परत घालायचा सराव होता तो, थोडा लांबला. वर आले तर खुर्ची रिकामी. मला इतका राग आला! एवढं हौसेने बोलावलं आणि हा माणूस मधूनच उठून गेला. बाहेर आले तर बाबा गाडीतळावर स्कूटरला टेकून उभे. "संपलं का?" एवढंच त्यांनी विचारलं. मीही फणकाऱ्यात काही बोलले नाही. आमच्या घरात रुसवे असेच, एकही शब्द न बोलता पार पडतात.

त्या टँकवर आमचे प्रशिक्षक एक गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगायचे. हवेचे तीन भाग करायचे. एक भाग जायला, एक भाग परत यायला. तिसरा भाग तुमचा नाहीच, तो जोडीदाराचा. त्याच्यावर वेळ आली तर त्याला द्यायचा. आणि दोघांपैकी ज्याचा पहिला भाग आधी संपेल त्याने वळायचं. दुसऱ्याने का म्हणून विचारायचं नाही, कुरकुर करायची नाही, समोर देवमासा दिसत असला तरी वळायचं.

मी हे घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "आम्ही सिंहगड चढतानाही उतरायचा दम राखून ठेवायचो. त्याचं सर्टिफिकेट मिळतं हे माहीत नव्हतं."

पुढची काही वर्षं आमचा दर हिवाळा मालवणात गेला. ते दिवस आठवले की आजही नाकात ओल्या रबराचा आणि डिझेलचा वास येतो. पाणी नेहमी निवळ मिळायचं असं नाही. कधी कधी हाताची बोटंही धुरकट दिसायची. पण एखाद्या सकाळी पडदा सरकावा तसं पाणी उघडायचं. खडकाच्या कपारीत मासे एका दिशेला तोंड करून स्तब्ध उभे असायचे आणि आपणही आपसूक कुजबुजल्यासारखा श्वास घ्यायला लागायचो. वर येताना पाण्याच्या पृष्ठभागाखाली थोडं थांबावं लागतं, अंगात मुरलेला वायू हळूहळू निघून जावा म्हणून. दोराला धरून नुसतं लटकायचं. बोलता येत नाही, करण्यासारखं काही नाही. संसारात मी नवऱ्याकडे इतका वेळ नीट बघितल्याचं मला त्याआधी आठवत नव्हतं.

आणि दुसरा थांबा तर आम्हां देशावरच्या लोकांच्याच नशिबी. पाण्याखाली जाऊन आल्यावर लगेच उंचावर जायचं नसतं. मालवणच्या माणसाला त्याचं काय, तो घरी जाऊन जेवतो. आम्हांला मात्र घाट चढायचा, म्हणून अख्खा एक दिवस किनाऱ्यावर रिकामं बसून काढायचा. माडाखाली पडून राहायचं, सोलकढी प्यायची, पुस्तक उघडून झोपायचं. बाबांचा फोन ठरलेला.

"कालच पोहून झालं ना? मग आज का नाही निघत?"

"आज घाट चढून चालत नाही, बाबा. पुणं उंचावर आहे."

"पुणं वरचं आहे हे मला माहीत होतंच. शास्त्राने मान्य केलं हे बरं झालं." आणि मग, फोन ठेवता ठेवता, दर वेळी तोच प्रश्न: "परत किती वाजता?"

आम्ही विजेवरची गाडी घेतली ती त्यानंतर. सोसायटीत सगळ्यांनी आम्हांला वेड्यात काढलं. "घाटात बंद पडली तर ढकलणार का?" वगैरे. पण मालवणची पहिली खेप आखायला बसले आणि मला हसू आलं. हे सगळं मी टँकच्या तळाशी मांडी घालून शिकलेच होते की! इथेही काटा होता. तिथे घाबरून धापा टाकल्या की हवा झरझर उतरते, इथे नवऱ्याने ट्रकांशी शर्यत लावली की बॅटरी. तिथे जितकं खोल जाल तितकी हवा जास्त लागते, इथे घाट चढताना वीज. नवरा ओव्हरटेकला सरसावला की मी म्हणायचे, "श्वास सावकाश." त्याला बरोब्बर कळायचं. फरक एकच. घाट उतरताना गाडी थोडी वीज परत कमावते. समुद्र मात्र घेतलेला श्वास कधी परत देत नाही.

चार्जिंगचे थांबेही मी तीन भागांतच बसवले. तिसरा भाग शिल्लक असतानाच पुढचा चार्जर गाठायचा, आणि तो बंद निघाला तर त्याच्या पुढचा गाठता आला पाहिजे. नकाशावर चार्जर दिसतो म्हणजे तो चालतो असं नाही, हे माझ्यासारख्या चुका शोधणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. थांब्यावर गाडीला वायर लावायची आणि हॉटेलात चहा सांगायचा. बाबा एकदा साताऱ्यापर्यंत आले होते. गाडी वीज पीत होती आणि ते कपातला चहा बशीत ओतत होते. "आमच्या वेळी एसटी तापली की घाटात थांबायचो. आता गाडी थंडगार असते, तरी थांबतो. प्रगती आहे."

मग बाबांच्या फुफ्फुसांनी कुरकुर सुरू केली. आयुष्यभराचा खडू आणि तरुणपणी चोरून ओढलेल्या सिगारेटी, दोन्हींनी मिळून डाव साधला. आधी जिने बंद झाले, मग मंडईची फेरी, मग बाल्कनीपर्यंत जाऊन येणंसुद्धा मोठं काम झालं. घरी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशिन आलं आणि सोबतीला एक सिलिंडर. त्यावर काटा होता. बाबांनी तो डोळे बारीक करून वाचला, नाकात नळी नीट बसवली आणि म्हणाले, "घे. पुण्यात समुद्र नसताना मीही डायव्हर झालो."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

बोललं की त्यांना धाप लागायची. म्हणून मी त्यांना पाण्याखालच्या खुणा शिकवल्या. बोटाचं वर्तुळ म्हणजे ठीक. मूठ छातीवर म्हणजे हवा कमी पडतेय. अंगठा वर म्हणजे आता पुरे, इथून निघू या. ही शेवटची खूण त्यांना फार आवडली. भेटायला आलेले लोक ठाण मांडून बसले की ते माझ्याकडे बघून हळूच अंगठा वर करायचे, आणि मी पाहुण्यांच्या रिकाम्या कपबशा उचलायला लागायचे. माझी रोजची खूण वेगळी होती. डावा तळहात पुढे करायचा आणि त्यावर उजव्या हाताची दोन बोटं टेकवायची: तुझ्याकडे किती उरलंय? ऑफिसला जाताना दारातून मी हे विचारायचे आणि ते काटा बघून बोटांनी उत्तर द्यायचे.

असेच एका संध्याकाळी बसलो होतो. बाबा अचानक म्हणाले, "त्या दिवशी टँकवरून मी उठून गेलो होतो."

"माहीत आहे."

"तू खाली बसलेली दिसत होतीस. बुडबुडे येत होते. मग मला ते बघवेना." ते थांबले, दोन श्वास घेतले. "खाली जाताना बघितलंय तुला. वर येताना बघायचं राहिलंय."

इतकी वर्षं मी त्या रिकाम्या खुर्चीवर रुसून होते आणि हा माणूस घाबरून बाहेर उभा होता. "परत किती वाजता?" या प्रश्नाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. मी तिथल्या तिथे ठरवलं, बाबांना मालवणला न्यायचं. किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसवायचं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत समुद्रातून वर यायचं. दुसरं काही उरलं नव्हतं त्यांचं मागणं.

डॉक्टरांनी कां-कूं करत परवानगी दिली. मी कामाला लागले. गाडीचे थांबे, बॅटरीचा हिशेब, चढाचा वेगळा, उताराचा वेगळा, बंद चार्जरला पर्याय. मशिन डिकीत घातलं. ते मालवणच्या खोलीत लावायचं. वाटेत सिलिंडर. तो परतीला कमी पडू नये म्हणून कणकवलीच्या एका दुकानदाराशी फोनवर बोलून ठेवलं. तो म्हणाला, "या हो, भरून देतो." नवरा म्हणाला, "तू चंद्रावर माणूस पाठवशील."

आम्ही तिघं निघालो. बाबा पुढच्या सीटवर, पायांशी सिलिंडर. खंबाटकी ओलांडली तसे ते खुलले, डोंगरांची नावं सांगायला लागले. मी मागून दटावलं की खुणेने बोला, तर डोंगराकडे बोट करून गप्प बसले. कराडच्या अलीकडे आम्ही ठरवलेला चार्जर बंद निघाला. पण माझा तिसरा भाग शाबूत होता, त्यामुळे आम्ही निवांत पुढचा गाठला. मी विजयी मुद्रेने बाबांकडे बघितलं. त्यांनी बोटांचं वर्तुळ करून दाखवलं. कोल्हापुरात गाडी भरली, तिघांनी जेवून घेतलं. बाबांनी तांबडा रस्सा नुसता हुंगला आणि डॉक्टरांना एक शिवी हासडली. तिथून गगनबावड्याचा रस्ता. उसाची शेतं, मग झाडी, मग हवेत गारवा.

गगनबावड्याला, जिथून घाट खाली कोकणात उतरायला लागतो, तिथे मी गाडी जरा थांबवायला सांगितली. बाबांना दरी दाखवायची होती. धुक्यापलीकडे कुठेतरी समुद्र होता, इथून दिसत नसला तरी. मी पुढे झुकून सवयीने तळहातावर दोन बोटं टेकवली. बाबांनी वाकून काटा बघितला. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे वळले आणि अंगठा वर केला.

मला वाटलं त्यांना गाडीतून उतरायचंय.

"पुरे," ते म्हणाले. "पहिला भाग संपला. वळा."

"अहो बाबा, खाली मशिन लावणार आहे ना मी! आणि कणकवलीचा माणूस भरून देणार आहे, बोलणं झालंय माझं."

"गाडीला तिसरा भाग," बाबा थांबले, नळीतून श्वास घेतला, "आणि मला फोनवरचं आश्वासन?"

नवरा आरशातून माझ्याकडे बघत होता. चुका शोधण्यात जिची हयात गेली, तिला ही दिसली नव्हती. किंवा दिसली होती आणि बाबांना समुद्र दाखवायच्या हट्टापायी मी तिच्याकडे डोळेझाक केली होती. कोकणात वीज गेली असती तर? दुकान बंद असतं तर? कराडला चार्जर बंद निघाला तसं? आणि मग हा सगळा घाट रिकाम्या सिलिंडरने चढायचा?

तरी मी म्हटलं, "बाबा, इथवर येऊन? तुम्हांला बघायचं होतं ना?"

"नियम तुझाच आहे," ते म्हणाले. "का म्हणून विचारायचं नाही."

नवऱ्याने गाडी वळवली. मला इतका राग आला होता की कोल्हापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. राग बाबांवर होता, धुक्यावर होता, त्या शहाण्या नियमावर होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. कोल्हापूरला गाडी चार्जिंगला लावल्यावर नवरा चहा आणायला गेला आणि आम्ही दोघं गाडीतच बसून राहिलो. बाबांनी हात मागे केला आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. लहानपणी ताप आला की थोपटायचे तसं. "तू उगाच रडतेस. मी कोल्हापूर बघायचं राहिलं होतं म्हणून आलो होतो," ते म्हणाले. ते तीनदा कोल्हापूरला जाऊन आल्याचं मला माहीत होतं.

घरी पोचलो. नवरा सिलिंडर आत नेत होता तेव्हा बाबांनी त्याला थांबवलं आणि काटा मला दाखवला. बराच खाली आला होता, पण तिसरा भाग जवळजवळ होता तसा होता. "हा तुझा," ते म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

बाबांना जाऊन आता बराच काळ झाला. अजूनही मालवणला जाताना गगनबावड्याला मी गाडी थांबवते, दरी बघते आणि मग घाट उतरते. किनाऱ्यावरचा तो रिकामा दिवस मला आता जड जातो. माडाखाली पडून राहिलं तरी फोन वाजत नाही, आणि मी परत किती वाजता पोचणार याची कुणाला पडलेली नसते. पण बाबांची आठवण आली की मला समुद्र आठवत नाही. मला टँक आठवतो.

कारण त्या फसलेल्या सहलीनंतर एका रविवारी मी आमच्या जुन्या प्रशिक्षकांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी काही न विचारता टँकची खोल बाजू सकाळपुरती मोकळी ठेवली. घरापासून टँक जवळ, त्यामुळे जाण्या-येण्यात सिलिंडरचा काटा जागचा हलायचासुद्धा नाही. आम्ही बाबांना टोपी, मफलर, शाल असं गुंडाळून नेलं. तीच प्लास्टिकची खुर्ची असावी, निदान तसलीच. शेजारी सिलिंडर, आणि मागे नवरा.

मी खाली गेले. तळाशी मांडी घातली, जुन्या पंगतीत बसल्यासारखी, पण या वेळी एकटीच. मास्क काढला, घातला. वर पाण्यातून खुर्चीची पांढरी आकृती डुलताना दिसत होती, पण तिच्यात कुणी बसलंय की नाही ते कळेना. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. खोकल्याची उबळ आली असेल, नवऱ्याने बाहेर नेलं असेल, पुन्हा ती रिकामी खुर्ची बघायला लागेल. मालवणच्या समुद्रात मी कधी वापरली नसेल इतकी हवा त्या टँकमध्ये वापरली. मग निघाले, सावकाश, स्वतःच्या बुडबुड्यांच्या मागोमाग.

डोकं पाण्याबाहेर आलं. काचेवर पाणी, काही दिसेना. मी मास्क कपाळावर सरकवला.

बाबा होते. खुर्चीत पुढे वाकून, शाल खाली घसरलेली, टोपी तिरकी. दोन्ही हात वर. डावा तळहात पुढे केला होता त्यांनी आणि त्यावर उजव्या हाताची दोन बोटं टेकवली होती. इतके महिने हा प्रश्न मीच त्यांना विचारत आले होते.

खुणेने उत्तर द्यायचं मला भानच राहिलं नाही. "भरपूर आहे, बाबा!" मी ओरडले.

"मग जा पुन्हा," ते म्हणाले. "मी थांबलोय."